पंचाहत्तर हर्ट्झचा मॉनिटर, साठवर अडकलेला: स्क्रीन टिअरिंगचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. "दादा, गेममध्ये गाडी वळवली की स्क्रीन मधोमध फाटते." सोबत स्क्रीन रेकॉर्डिंगची फाइल जोडलेली, आणि तिच्यात फाटलेलं काहीच नाही. जीटीए फाइव्हमधली गाडी वळतेय, पुलाचे खांब सरळ उभे आहेत, चित्र स्वच्छ.

मुलगा सांगलीचा, बारावीची परीक्षा नुकतीच झालेली. रेकॉर्डिंगमध्ये काही दिसत नाही म्हटल्यावर आपल्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही असं त्याला वाटलं. खरं तर त्या स्वच्छ रेकॉर्डिंगनेच निम्मं निदान करून दिलं. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ग्राफिक कार्डाने पूर्ण करून ठेवलेली फ्रेम, म्हणजे तयार चित्र, उचलतं. ती फ्रेम पुढे मॉनिटरवर कशी उमटली, याचा त्याला पत्ता नसतो. कार्ड खराब होत असतं, तर पडद्यावर येणारे रंगीत ठिपके किंवा चौकटी सहसा रेकॉर्डिंगमध्येही आल्या असत्या. इथे बिघाड त्याच्या पुढचा होता: कार्ड आणि मॉनिटर यांच्या मधला. मग मोबाईलने समोरून व्हिडिओ काढायला सांगितला आणि त्यात ती रेघ लगेच सापडली. खांबाचा वरचा तुकडा एकीकडे, खालचा बोटभर सरकलेला.

मशीन साधं होतं. सहा कोअरचा रायझन प्रोसेसर, जीटीएक्स १६५० हे एनव्हिडिया कंपनीचं चार जीबीचं ग्राफिक कार्ड, २४ इंची आयपीएस पॅनलचा मॉनिटर. मॉनिटरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '७५ हर्ट्झ', म्हणजे सेकंदाला पंचाहत्तर वेळा चित्र नव्याने उमटवणं, आणि 'फ्रीसिंक', म्हणजे मॉनिटरने कार्डाच्या गतीने चालण्याची सोय. खोक्यात मिळाली तीच एचडीएमआय केबल लावलेली.

इथवर येईपर्यंत बरेच उपाय होऊन गेले होते. गेममधलं व्हीसिंक (मॉनिटरच्या तालावरच फ्रेम बदलायला लावणारी सेटिंग) चालू केलं, तर गाडी धक्के खात चालायला लागली. कुठल्याशा व्हिडिओत 'व्हीसिंक सगळीकडे बंद करा' असं सांगितलं होतं म्हणून बंद केलं, तर रेघ परत आली. ड्रायव्हर काढून घातला. विंडोजसुद्धा नव्याने टाकून झालं. शेवटी मॉनिटर दुकानात नेला, तिथे त्यांनी तो लावून पाहिला आणि 'ठीक आहे' म्हणून परत दिला. ते खोटं बोलले नव्हते. डेस्कटॉपवर आणि यूट्यूबवर टिअरिंग, म्हणजे हे फाटणं, दिसत नाही, कारण विंडोज सगळ्या खिडक्या आधी एकत्र जुळवून मगच पडद्याकडे पाठवतं. पूर्ण पडद्यावर चालणारा गेम हा जुळवणीचा टप्पा बहुधा वगळतो.

पण मुलाच्या मनातला संशय पक्का होता, आणि त्याला कारणही होतं. त्याच्या मित्राकडे हाच मॉनिटर, तेच मॉडेल, एचडीएमआयवरच लावलेला, आणि त्याच्याकडे फ्रीसिंक चालत होतं. स्क्रीन फाटत नव्हती. म्हणजे आपलाच पीस डिफेक्टिव्ह. वरवर पाहता तर्क बिनचूक आहे.

रेघ येते कुठून

मॉनिटर पूर्ण चित्र एका क्षणात दाखवत नाही. तो वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत क्रमाने उमटवत जातो. ७५ हर्ट्झला या एका फेरीसाठी सुमारे १३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० हर्ट्झला १६.७. ग्राफिक कार्ड मात्र आपल्या गतीने फ्रेम बनवतं: मोकळ्या रस्त्यावर १२.५ मिलिसेकंदांत एक, गर्दीच्या चौकात २० मिलिसेकंदांत एक. फ्रेम तयार झाली की कार्ड जुनी बाजूला करून नवी पुढे ठेवतं. मॉनिटर अर्ध्यावर असताना ही अदलाबदल झाली, की वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा राहतो. भिंतीवर वरून खाली पोस्टर चिकटवणाऱ्याच्या हातातला गठ्ठाच कुणी मध्येच बदलावा, तसं.

ती रेघ डोळ्यांना किती खुपते, हे मात्र गेमप्रमाणे बदलतं. ढोबळ हिशोब करून पाहा. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर साधारण ९० अंशांचं दृश्य मावतं असं धरू. कॅमेरा सेकंदाला १८० अंश फिरतोय. फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या फ्रेम, ६० असेल तर दोन फ्रेममध्ये तीन अंशांचा फरक पडतो, म्हणजे रेघेच्या वरचं आणि खालचं चित्र एकमेकांपासून सुमारे ६४ पिक्सेल सरकलेलं दिसतं. फ्रेमदर २०० असेल तर हाच फरक १९ पिक्सेलवर येतो. रेघा वाढतात, प्रत्येक फेरीत दोन-तीन पडतात, पण प्रत्येकीची पायरी बारीक असते. 'व्हॅलोरंटमध्ये फाटत नाही, फक्त जीटीएमध्ये फाटतं' असं मुलगा म्हणत होता, त्याचं कारण हे. फाटत दोन्हीकडे होतं. व्हॅलोरंट हलका गेम आहे, त्यात कार्ड सहज दीडशेच्या वर फ्रेम देत होतं.

साठ आणि पंचाहत्तर

"मॉनिटर किती हर्ट्झवर चालतोय?" या प्रश्नाला उत्तर आलं, "पंचाहत्तर. खोक्यावर लिहिलंय." खोक्यावर लिहिलेलं आणि प्रत्यक्षात चालू असलेलं यांत पुष्कळ अंतर असू शकतं. म्हणून त्याला एक चाचणी सांगितली. व्हीसिंक सगळीकडे बंद, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कमाल फ्रेमदर आधी ७६, मग ६१, आणि दोन्ही वेळा शांत जागी कॅमेरा सावकाश फिरवत मोबाईलने शूटिंग.

फ्रेमदर आणि रिफ्रेश रेट (मॉनिटरचे हर्ट्झ) यांत नेमका एकाचा फरक असेल, तर रेघ सेकंदाला एकदा अख्खा पडदा ओलांडते. फ्रेमदर जास्त असेल तर प्रत्येक अदलाबदल आधीच्यापेक्षा किंचित लवकर होते, त्यामुळे रेघ खालून वर चढत जाते. मॉनिटर खरोखर ७५ वर असता, तर ७६ लावल्यावर रेघ अशी संथ चढली असती. ७६ ला रेघ वाट्टेल तिथे उड्या मारत होती. ६१ ला मात्र ती आरामात खालून वर जात होती. मॉनिटर साठवर चालत होता.

सेटिंग उघडूनही हे कळतं, आणि नंतर तिथे जाऊनच बदलायचं होतं. तरीही मला ही चाचणी आवडते. ती कुणी काय सांगितलं यावर अवलंबून राहत नाही, आणि टिअरिंग म्हणजे दोन तालांची फारकत आहे हे समोरच्याला डोळ्यांनी दिसतं. त्या दिवसापासून मुलाने 'मॉनिटर डिफेक्टिव्ह' हा शब्द वापरणं कमी केलं.

साठवर अडकण्याचं कारण अगदी नेहमीचं. मॉनिटर संगणकाला आपली माहिती देतो तेव्हा पसंतीचा मोड म्हणून बहुधा ६० हर्ट्झच पुढे करतो, आणि विंडोज ते मान्य करतं. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'खाली, यादीतून ७५ निवडावं लागतं. कित्येक घरांत १४४ हर्ट्झचे मॉनिटर वर्षानुवर्षं साठवर चालताहेत आणि मालकाला त्याची कल्पना नाही.

७५ केल्यावर हालचाल मऊ झाली. रेघ गेली नाही, जाणारही नव्हती.

व्हीसिंकचं गणित

आता व्हीसिंकने गाडी धक्के का खात होती ते. व्हीसिंक म्हणजे कार्डाला दिलेली ताकीद: मॉनिटरची फेरी संपून पुढची सुरू होण्याच्या मधल्या फटीतच फ्रेम बदलायची, एरवी नाही. फाटणं शंभर टक्के थांबतं. पण फ्रेम १३.३ ऐवजी १४ मिलिसेकंदांत तयार झाली, तर फट हुकते आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. तोवर जुनीच फ्रेम दुसऱ्यांदा दिसते. एका क्षणी ७५, दुसऱ्या क्षणी ३७.५. साठवर असताना हेच साठ आणि तीस. हे कार्ड जीटीएमध्ये बहुतेक वेळ ५० ते ८० यांच्या मध्ये खेळत होतं, म्हणजे कधी फट सापडायची, कधी हुकायची. डोळ्यांना सलग चाळीस चालतात, पण पंचाहत्तर-सदतीस-पंचाहत्तर ही उडी नको असते.

व्हॅलोरंटमध्ये उलट तक्रार. तिथे कार्ड इतकं पुढे असतं की तयार फ्रेम रांगेत पडून राहतात, आणि पडद्यावर दिसणारं चित्र हाताच्या हालचालीच्या दोन-तीन फ्रेम मागे असतं. मुलगा म्हणाला, "माउस जड होतो." नेमकं वर्णन.

मधले पर्याय त्याने विचारलेच. एनव्हिडियाचं ॲडॅप्टिव्ह व्हीसिंक २०१२ पासून आहे. ते फ्रेमदर पुरेसा असेल तेव्हा व्हीसिंक लावतं, घसरला की काढून घेतं. म्हणजे जीटीएमध्ये घसरणीच्या वेळी, जिथे पायरी सर्वांत मोठी असते तिथेच, रेघ परत. २०१६ मध्ये आलेलं फास्ट सिंक जास्तीच्या फ्रेम टाकून देऊन सर्वांत ताजी तेवढी दाखवतं. फ्रेमदर रिफ्रेशच्या दुप्पट-तिप्पट असेल तिथेच त्याचा उपयोग, जीटीएमध्ये शून्य. आणि कंट्रोल पॅनलमधलं 'ट्रिपल बफरिंग' फक्त ओपनजीएल या ग्राफिक प्रणालीवरच्या गेमसाठी असतं. डायरेक्टएक्स या दुसऱ्या प्रणालीवरच्या गेमसाठी ते चालू करणारे अनेक जण 'फरक पडला' असंही सांगतात!

या मशीनला खरा उपाय होता तो मॉनिटरनेच कार्डाच्या गतीने चालण्याचा. म्हणजे व्हेरिएबल रिफ्रेश रेट. फ्रेम तयार झाली की फेरी सुरू, तोवर मॉनिटर थांबतो. आणि ही सोय खोक्यावर छापलेली होती.

केबल

२०१३ मध्ये एनव्हिडियाने ही सोय जी-सिंक या नावाने आणली, तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचाच खास मॉड्यूल लागायचा, आणि तसे मॉनिटर महाग असायचे. २०१४ मध्ये हीच कल्पना 'ॲडॅप्टिव्ह-सिंक' या नावाने डिस्प्लेपोर्ट या एचडीएमआयसारख्याच दुसऱ्या जोडणीच्या १.२ए मानकात आली आणि एनव्हिडियाची स्पर्धक एएमडीने तिच्यावर फ्रीसिंक उभं केलं. खास मॉड्यूल नको, त्यामुळे ते स्वस्त मॉनिटरमध्येही उतरलं. एनव्हिडियाने अशा मॉनिटरना आपल्या कार्डांसाठी दार उघडलं ते थेट जानेवारी २०१९ मध्ये, जीटीएक्स १० मालिकेपासून पुढच्या कार्डांना. ते दार उघडलं डिस्प्लेपोर्टवर.

एचडीएमआयवर चालणारं फ्रीसिंक ही वेगळी गोष्ट. ती एएमडीने २०१५ मध्ये स्वतः जोडलेली सोय होती. एचडीएमआयच्या मूळ मानकात तेव्हा असं काही नव्हतं, ते २.१ आवृत्तीसोबत आलं. या किमतीच्या, या पिढीच्या मॉनिटरमधल्या एचडीएमआयला फक्त एएमडीची बोली कळते. मित्राकडे एएमडीचं रेडिऑन आरएक्स ५७० होतं. त्याच मॉनिटरशी, त्याच केबलवरून, त्या कार्डाचं जमत होतं. या मुलाच्या कंट्रोल पॅनलमध्ये मात्र 'सेट अप जी-सिंक' हे पानच दिसत नव्हतं. दोन सारखे मॉनिटर, दोन्ही चांगले. फरक कार्डाचा.

"मॉनिटरच्या मागे अजून एखादं भोक आहे का बघ, एका कोपऱ्याला तिरकी कापलेली चौकट." फोटो आला. एचडीएमआय, जुना व्हीजीए, आणि तिसऱ्यावर, म्हणजे डिस्प्लेपोर्टवर, कारखान्यातून आलेलं काळं प्लास्टिकचं टोपण तसंच. कार्डावरही डिस्प्लेपोर्ट रिकामा. इथे नशीब होतं हे सांगायला हवं. याच किमतीत फक्त एचडीएमआय आणि व्हीजीए असलेले फ्रीसिंक मॉनिटर भरपूर विकले जातात. एनव्हिडिया कार्डवाल्याने तसा घेतला तर खोक्यावरचा तो शब्द त्याच्या काहीच कामाचा नाही.

केबल घेताना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, 'कन्व्हर्टर' नको. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट असलेली स्वस्त केबल तो घेणारच होता. त्या बहुतेक एकाच दिशेने चालतात, आणि चालल्या तरी व्हेरिएबल रिफ्रेश पलीकडे पोचत नाही. दोन्ही टोकांना डिस्प्लेपोर्टच हवा. दुसरी, अगदी फुटकळ केबल नको. काही निकृष्ट केबलमध्ये विसाव्या पिनची तार आरपार जोडलेली असते. मानकानुसार ती जोडायची नसते. त्या पिनमधून मॉनिटरची वीज कार्डात शिरते आणि मशीन सुरू होताना भलतेच खेळ करतं. तसलं नवं कोडं या प्रकरणात कुणालाच नको होतं.

केबल बसवल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत फ्रीसिंक चालू, कारण ते बंद असेल तर कंट्रोल पॅनलला मॉनिटरची ही क्षमता दिसतच नाही. मग विंडोजमध्ये पुन्हा ७५, कारण नव्या पोर्टवर ते परत साठपासून सुरू होतं. मग कंट्रोल पॅनलमध्ये ते हरवलेलं पान आलं. त्यावर सूचनाही होती की हा मॉनिटर जी-सिंक कम्पॅटिबल म्हणून तपासून मान्य केलेला नाही. मुलगा घाबरला. घाबरण्यासारखं त्यात नव्हतं. २०१९ ला सुरुवात करताना एनव्हिडियाने चारशे मॉनिटर तपासून बाराच मान्य केले होते. शिक्का नसलेले बाकीचेही हाताने चालू करता येतात, आणि बरेचसे नीट चालतात. गडद दृश्यांत लुकलुक दिसली तर बंद करायचं, एवढंच. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलवर ती जास्त आढळते. हा आयपीएस होता, त्यावर दिसली नाही.

तळाशी उरलेली रेघ

दुसऱ्या दिवशी निरोप आला: "नव्वद टक्के गेलं. पण एकदम खाली, जिथे मॅप असतो तिथे कधीकधी अजून फाटतं."

हा भाग मला सगळ्या प्रकरणात सर्वांत रंजक वाटतो, कारण 'जी-सिंक चालू तर व्हीसिंक बंद' हा सर्वत्र फिरणारा सल्ला इथे उघडा पडतो. व्हेरिएबल रिफ्रेशमध्ये मॉनिटर फेरी कधी सुरू करायची ते कार्डावर सोडतो. पण एकदा सुरू झालेली फेरी आपल्या कमाल वेगानेच पूर्ण होते, म्हणजे इथे सुमारे १३.३ मिलिसेकंदांत. सरासरी फ्रेमदर सत्तर असला तरी एखादी फ्रेम मध्येच १२ मिलिसेकंदांत येऊन पडते. तेव्हा मॉनिटर पडद्याच्या तळाशी पोचलेला असतो, शेवटच्या काही ओळी उरलेल्या असतात. व्हीसिंक बंद असेल तर अदलाबदल तिथेच होते, आणि रेघ तळाशी उमटते. मॅप जिथे असतो तिथेच.

म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये व्हीसिंक चालू, गेमच्या आत बंद, आणि कमाल फ्रेमदर ७२. अशा जोडीत व्हीसिंक फक्त त्या घाईच्या फ्रेमला क्षणभर अडवतं. ७२ ची मर्यादा अशासाठी की फ्रेमदर ७५ ला टेकला की व्हेरिएबल रिफ्रेश संपतं आणि तेच जुनं रांगेचं व्हीसिंक सुरू होतं, जड माउसासकट. कमाल रिफ्रेशपेक्षा तीनेक फ्रेम खाली राहिलं की ती वेळ येत नाही. दोन्हीकडे व्हीसिंक चालू ठेवलं तर काही मोडत नाही, पण गेममधल्या व्हीसिंकची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून मी ते एकाच जागी ठेवतो.

खालच्या टोकाला अजून एक अडचण होती. या मॉनिटरची व्हेरिएबल पट्टी ४८ ते ७५ हर्ट्झ. फ्रेमदर ४८ च्या खाली गेला की मोठ्या पट्टीचे मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून वेळ मारून नेतात. ४८ ते १४४ च्या पट्टीत ४० फ्रेम आल्या तर मॉनिटर ८० वर चालतो आणि कुणाला कळतही नाही. इथे ४० ची दुप्पट ८०, आणि छत ७५ चं. साडेसदतीस ते अठ्ठेचाळीस या मधल्या पट्ट्याला कुठलाच आधार नाही. गावाबाहेरच्या गवताळ डोंगरात जीटीए नेमका तिथे, चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर घसरत होता आणि धक्के परत येत होते.

याला सिंकच्या सेटिंगमध्ये उत्तर नव्हतं. गेममधली गवताची प्रत खाली आणली आणि एमएसएए (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद केलं. या दोन गोष्टी या कार्डाला सर्वांत जड जात होत्या. त्यानंतर डोंगरातही फ्रेमदर पन्नासच्या वर राहिला. मुलाला गवताचं वाईट वाटलं. पण ताशी शंभरच्या वेगाने जाताना गवताची पाती कोण मोजतं?

व्हॅलोरंटचं वेगळं ठरलं. तिथे ७२ फ्रेम मऊ दिसायच्या, पण त्याला ते पटेना, आणि माझ्या मते त्याचं बरोबर होतं. नेमबाजीच्या गेममध्ये ताजी फ्रेम लवकर दिसणं हे रेघ न दिसण्यापेक्षा जास्त मोलाचं. दोनशे फ्रेमला ती पायरी एकोणीस पिक्सेलची, तीही कॅमेरा गर्रकन फिरवला तरच. कंट्रोल पॅनलमध्ये प्रत्येक गेमची वेगळी नोंद करता येते. व्हॅलोरंटच्या नोंदीत मॉनिटर टेक्नॉलॉजी 'फिक्स्ड रिफ्रेश', व्हीसिंक बंद, मर्यादा २००. बाकी सगळ्यांना ७२ चा सामाईक नियम. एकाच मशीनवर दोन उलटी सेटिंग असू शकतात, हे त्याच्या मित्रांना अजून पटलेलं नाही.

मध्यंतरी एकदा त्याचा फोन आला की सगळं परत पहिल्यासारखं झालंय. सेटिंग सगळी जागच्या जागी. मग लक्षात आलं की रिकाम्या झालेल्या एचडीएमआयवर वडिलांनी क्रिकेट बघायला टीव्ही जोडला होता, आणि विंडोजने दोन्ही पडदे 'डुप्लिकेट' करून ठेवले होते. टीव्ही साठच्या वर जात नाही, म्हणून मॉनिटरही साठवर उतरला होता. आता टीव्ही 'एक्स्टेंड'वर आहे. मॅच असली की वडील तिकडे, हा इकडे, आणि मॉनिटर पंचाहत्तरवरच राहतो.